ढलप्यांवरचें दप्तर

(एका खेड्यांतील वाचनालयाच्या वार्षिक सभेंत तेथील प्राथमिक शिक्षकांनीं केलेलें भाषण.)



वाचनालयाच्या चालकांनीं आम्हांस बोलावयास सांगितलें तेव्हां आम्हीं विचारलें, "विषय कोणता?" ते म्हणाले, "मास्तर, तुम्हांला आवडेल तो." आतां शाळामास्तराला आवडणार काय? पाटी, वही आणि हजेरीपट! आमचा जन्म त्यांतच चालला आहे. म्हणून आज आम्ही एका हजेरीपटाचीच गोष्ट सांगणार आहों. मात्र तो आमच्या शाळेचा नव्हे. तो एकोणीसशें वर्षांपूर्वींचा आहे, साता समुद्रांपलीकडच्या एका सरहद्दीवरील ठाण्याचा आहे, आणि कागदावर नसून लांकडाच्या ढलपीवर लिहिलेला आहे. ऐकतां ऐकतां प्रत्येकानें एक प्रश्न मनांत ठेवावा. माणूस गेल्यावर त्याच्यामागें काय उरतें, आणि जें उरतें तें कोणाच्या हातचें उरतें?

ज्या इंग्रजांनीं आमच्या या मुलखावर १८१८ पासून १९४७ पर्यंत राज्य केलें, त्यांच्या त्या बेटावरहि एके काळीं परक्यांचें राज्य होतें, ही गोष्ट आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक नसेल. इटली देशांतील रोम शहराची बादशाही तेव्हां फार बलाढ्य होती. इ.स. ४३ मध्यें रोमन फौजा ब्रिटनमध्यें उतरल्या आणि सुमारें साडेतीनशें वर्षें त्यांचा अंमल तेथें राहिला. परंतु सगळें बेट कांहीं त्यांच्या हातीं आलें नाहीं. उत्तरेकडे त्यांच्या राज्याची हद्द संपे. त्या हद्दीजवळ विंडोलांडा नांवाचें एक ठाणें होतें. हल्लीं तो भाग इंग्लंडच्या नॉर्थंबरलँड परगण्यांत मोडतो. इ.स. ८५ च्या सुमारास तेथें पहिला लांकडी किल्ला उभा राहिला. पुढें इ.स. १२२ मध्यें हाड्रियन बादशहानें समुद्रापासून समुद्रापर्यंत जी प्रसिद्ध भिंत बांधावयास घेतली, ती या ठाण्याच्या उत्तरेस अगदीं जवळून गेली. आम्ही सांगतों ती हकीकत बहुतेक त्या भिंतीच्या आधींची आहे.

थंडी, पाऊस, चिखल आणि धुकें. मायदेश शेंकडों कोस दूर. पलीकडे शत्रूचा मुलूख. अशा ठिकाणीं माणसें कशीं राहत होतीं, काय खात होतीं, कोणावर रागावत होतीं, हें आज आपणांस कसें कळलें? तीच मौज आहे.

१९७३ सालच्या मार्च महिन्यांत रॉबिन बर्ले नांवाचे संशोधक तेथें पाण्याच्या निचऱ्यासाठीं चर खणवीत होते. काळ्या, ओल्या, कुबट चिखलांत त्यांस लांकडाच्या पातळ ढलप्या दिसल्या. सुताराच्या रंध्याखालीं पडतात तशा. दोन ढलप्या एकमेकींस चिकटलेल्या होत्या. त्या हलकेच वेगळ्या केल्या तों आंत शाईचीं अक्षरें! पण हवा लागतांच तीं पुसट होऊं लागलीं. मग डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या साह्यानें फोटो काढले, तेव्हां तीं पुन्हा उमटलीं. अॅलन बाउमन आणि डेव्हिड थॉमस या दोन पंडितांनीं वर्षानुवर्षें खपून तीं वाचलीं. भाषा लॅटिन, पण अक्षर धांवतें. बाळबोध शिकलेल्या मुलापुढें एकदम मोडी कागद टाकावा, तशी भल्याभल्यांची गत झाली. त्या दिवसापासून आजपर्यंत तेथें अशा दीड हजारांवर ढलप्या सांपडल्या आहेत.

ढलपी साधारण वीतभर लांब आणि चार बोटें रुंद. जाडी एकदोन मिलिमीटर, फार तर तीन. काजळी, डिंक आणि पाणी यांची शाई. आपले आजेपणजे जी शाई घरीं घोटीत तिच्याच जातीची. ढलपी मधोमध दुमडावयाची, मजकूर आंत, पत्ता बाहेर. झालें पत्र! असलें पातळ लांकूड एका पावसाळ्यांत कुजून जावयाचें. पण तेथील ओल्या मातीखालीं हवा शिरली नाहीं, म्हणून कीडहि लागली नाहीं आणि कुजहि लागली नाहीं.

आणखी एक गंमत ऐका. इ.स. १०५ च्या सुमारास तेथील पलटणीस डॅन्यूब नदीकडे लढाईवर जाण्याचा हुकूम झाला. निघतांना त्यांनीं जुनें दप्तर जाळावयास काढलें. कांहीं ढलप्या अर्धवट जळालेल्या सांपडल्या आहेत. नेमका त्या वेळीं पाऊस आला असावा, असें खणणारांचें अनुमान आहे. सरकारनें जें राख करावयाचें ठरविलें होतें, तें चिखलानें संभाळलें!

आतां आमचा तो हजेरीपट. इ.स. ९० च्या सुमारास तेथें टुंग्रियन लोकांची पहिली पलटण होती आणि तिचा किल्लेदार ज्युलियस व्हेरेकुंडस हा होता. एका १८ मे रोजीं पलटणीच्या कारकुनानें हिशेब मांडला. एकूण शिपाई ७५२, त्यांत शिपायांच्या तुकडीवरील जमादार, ज्यांस ते सेंच्युरियन म्हणत, ते ६. पैकीं बाहेरगांवीं गेलेले ४५६, त्यांत जमादार ५. उरले २९६. या उरलेल्यांत आजारी १५, जखमी ६, आणि डोळे आलेले १०, मिळून ३१. कामास तंदुरुस्त २६५. आम्हीं हें गणित सातवीच्या मुलांना फळ्यावर घालून दिलें. वजाबाकी बरोबर आली. एकोणीसशें वर्षांनीं तपासणी झाली आणि कारकून पास झाला!

पण आम्हांस त्या आंकड्यांहून दुसऱ्याच गोष्टीचें नवल वाटलें. गैरहजर किती, एवढेंच लिहून तो थांबला नाहीं. गैरहजर कोठें आहेत, हेंहि त्यानें लिहिलें. कोरिया या ठाण्यावर ३३७. सुभ्याच्या अधिकाऱ्याच्या पहाऱ्यावर ४६. एक जमादार लंडनला. प्रत्येक गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा! ही गोष्ट लक्षांत ठेवा. आम्ही शेवटीं तिच्याकडे परत येणार आहों.

दुसऱ्या एका ढलपीवर २५ एप्रिलच्या कामाची वांटणी आहे. त्या दिवशीं कारखान्यांत ३४३ माणसें होतीं. पैकीं जोडे शिवणारे १२, आणि स्नानगृह बांधण्याच्या कामावर गवंडी १८. कोणी शिशाच्या कामावर, कोणी मातीच्या. आम्ही लहानपणीं चित्रांत रोमन शिपाई पाहिला तो हातांत भाला, डोक्यावर शिरस्त्राण, असा. खरा शिपाई पाहावा तर दिवसभर चामडें शिवतो आहे आणि चिखल तुडवितो आहे! जोडे तरी किती म्हणाल? त्या मातींतून पांच हजारांवर पादत्राणें निघालीं आहेत, आणि त्यांत बायकांचीं आणि लहान मुलांचींहि आहेत. तेव्हां तें नुसतें लष्करी ठाणें नव्हतें. तेथें किल्लेदाराचें बायकामुलांसह घर होतें, गुलाम होते, व्यापारी होते, कलाल होते. वस्ती होती.

वस्ती म्हटली कीं जमाखर्च आलाच. किल्लेदाराच्या घरच्या खर्चाची यादी आहे. तींत जव आहे, तेथल्या चालीची जवाची दारू आहे, द्राक्षाची दारू आहे, आंबूस दारू आहे, माशांचें खारवण आहे, डुकराची चरबी आहे; आणि कोणत्या तारखेस काय आलें तें आहे. शिपायांचे रजेचे अर्ज आहेत. आपल्याकडे रजेचा अर्ज लिहितांना माणूस जसा एकदम नम्र होतो, तसेच तेहि झाले आहेत. रोजचे अहवाल आहेत. त्यांत मजकूर एकच, कीं सर्वजण आपापल्या जागीं आहेत आणि सामानहि जागेवर आहे. मजकूर एकच, पण लिहिणारे हात निरनिराळे.

पत्रांकडे आलों म्हणजे तर घरोघरीं मातीच्या चुली, हें पटतें. ऑक्टाव्हियस नांवाचा एक व्यापारी कॅन्डिडस नांवाच्या आपल्या माणसास लिहितो, कीं आपण सुमारें ५,००० मापें कणसें खरेदी केलीं आहेत, निदान ५०० दिनार ताबडतोब पाठवावे, नाहीं तर इसार दिलेले सुमारें ३०० दिनार बुडतील आणि आपली नाचक्की होईल. पुढें म्हणतो, कातडीं दुसऱ्या गांवीं पडलीं आहेत, पण रस्ते खराब आहेत म्हणून तीं आणावयास गेलों नाहीं. आतां सांगा, हें पत्र आपल्या बाजारपेठेंतील आडत्याचें नव्हे असें कोण म्हणेल?

मास्कलस नांवाचा एक घोडेस्वारांचा नाईक उद्यांचा हुकूम काय म्हणून वरिष्ठास विचारतो. आणि जातां जातां हळूच सुचवितो, कीं बरोबरच्या गड्यांची दारू संपली आहे, ती पाठविण्याचा हुकूम व्हावा. एका शिपायास कोणी मोजे, दोन जोड चपला आणि दोन चड्ड्या पाठविल्या, त्याचें पत्र आहे. कोणी पाठविल्या? आईनें, बहिणीनें कीं मित्रानें? नांव तुटून गेलें आहे, पण थंडींत पाय गारठूं नयेत ही काळजी मात्र शाबूत आहे. सोलेम्निस नांवाचा एकजण पॅरिस नांवाच्या आपल्या भावावर रागावला आहे, कीं तूं मला एकहि पत्र पाठविलें नाहींस, आणि तरी मी मात्र भलेपणानें तुला लिहितों आहें. पळसाला पानें तीनच!

मायबहिणींनीं आतां विशेष लक्ष द्यावें. इ.स. १०० च्या आसपास तेथें बटाव्हियन लोकांची नववी पलटण होती. तिचा किल्लेदार फ्लाव्हियस सेरिआलिस, आणि त्याची बायको सुल्पिशिया लेपिडिना. दुसऱ्या एका ठाण्यावरील अधिकाऱ्याची बायको क्लॉडिया सेव्हेरा ही तिची मैत्रीण. सेव्हेरानें ११ सप्टेंबर रोजीं आपल्या वाढदिवसास येण्याचें तिला आमंत्रण पाठविलें. तूं आलीस तर दिवस अधिक आनंदाचा जाईल, अशा अर्थाचें. आपल्या नवऱ्याचा आणि लहान मुलाचा नमस्कारहि कळविला. पत्राचा मजकूर लेखनिकानें सुबक अक्षरांत लिहिला आहे. पण खालीं कोपऱ्यांत तीनचार ओळी निराळ्या, वांकड्यातिकड्या अक्षरांत आहेत. त्या तिच्या स्वतःच्या हातच्या. बहीण म्हणून हांक मारून, वाट पाहतें असें सांगून, जिवाभावाचा निरोप घेतला आहे. लॅटिन भाषेंत स्त्रीच्या हातचें म्हणून जें जुन्यांतलें जुनें लिखाण आज ठाऊक आहे, त्यांत या ओळींची गणना होते. किल्लेदारांच्या बायका राण्या नव्हत्या, पंडिता नव्हत्या. तिचें अक्षर चांगलें नव्हतें. पण लेखनिकानें सगळें लिहिलें असतांहि शेवटच्या चार ओळी आपल्या हातानें लिहाव्यात असें तिला वाटलें, आणि लिहितां येत होत्या म्हणून तिनें लिहिल्या. त्या सुबक अक्षरवाल्याचें नांव आज कोणास ठाऊक नाहीं. तिचें आहे.

त्याच घरांतील मुलांच्या अभ्यासाचीहि एक ढलपी मिळाली आहे, असें मानतात. तीवर व्हर्जिल कवीच्या 'ईनिड' काव्यांतील एक ओळ मुलाच्या बेताच्या अक्षरांत लिहिलेली आहे, आणि पुढें दुसऱ्या हातानें एक अर्धा शब्द. तो 'आळसानें लिहिलें आहे' अशा अर्थाचा, असें वाचणारे सांगतात. आमचा जातभाई हो! एकोणीसशें वर्षें झालीं, पण मास्तराचा शेरा कांहीं बदलला नाहीं.

येथपर्यंत मौज झाली. आतां मुद्द्याचें बोलूं.

हें सगळें लिहिलें कोणीं? तेथील शेंकडों निरनिराळे हात आज ओळखूं येतात. हे सगळे रोम शहरांतले कुलीन होते काय? मुळींच नाहीं. बटाव्हियन आणि टुंग्रियन हे उत्तरेकडील, ऱ्हाईन नदीच्या बाजूचे लोक. त्यांची बोली निराळी, देव निराळे. बटाव्हियन लोकांकडून रोमन सरकार सारा पैशानें घेत नसे, माणसांनीं घेत असे. तुमचे तरुण मुलगे आमच्या फौजेंत द्या, म्हणजे झालें! इ.स. ६९ मध्यें या लोकांनीं रोमविरुद्ध मोठें बंड केलें होतें. त्यांच्याच पुढच्या पिढीच्या हातीं आपण येथें लेखणी पाहतों. लॅटिन ही त्यांची आईची भाषा नव्हती. ती ते शिकले. लिहिणें हा कोण्या एका कुळाचा किंवा जातीचा मक्ता तेथें नव्हता. पलटणींत भरती झालेल्यानें हिशेब, पहारा, रजा, सामान यांची टिपणें ठेवावयाचीं, म्हणजे त्याला लिहावयास आलेंच पाहिजे. गुलामांनीं गुलामांस लिहिलेलें पत्रहि तेथें आहे. सॅटर्नेलिया म्हणून त्यांचा सण असे. त्या सणाच्या खर्चाचे पैसे आणि मुळे आणण्याविषयीं एका गुलामानें दुसऱ्यास लिहिलें आहे. ज्यांच्या देहावर त्यांची स्वतःची मालकी नव्हती, त्यांच्या हातीं अक्षर होतें! आणि आपल्याकडे? आपल्याकडे मोकळ्या माणसाच्या हातीं, स्वतःच्या शेताच्या धन्याच्या हातीं, पिढ्यान् पिढ्या अक्षर नव्हतें.

पण रोमन लोकांची आरती ओवाळावयास आम्ही येथें उभे नाहीं. नाण्याला दुसरी बाजू आहे. तो मुलूख ज्यांचा होता ते ब्रिटन लोक या दीड हजार ढलप्यांत कोठें आहेत? त्यांच्या डोंगरांत गुरें होतीं, शेतें होतीं, घरें होतीं. त्यांच्याच जमिनीवर हा किल्ला. पण त्यांच्या हातचें पत्र एकहि नाहीं. एका लहानशा टांचणांत त्यांच्या लढण्याच्या रीतीचा उल्लेख आहे: घोडेस्वार पुष्कळ आहेत, अंगांत चिलखत नाहीं, स्वार तरवार वापरीत नाहींत, घोड्यावर बसून भाला फेंकीत नाहींत. आणि तेथें त्यांना जो शब्द लावला आहे, तो तुच्छतेचा. 'ब्रिटन' शब्दाचें चिमुकलें, हिणकस रूप करून लिहिलें आहे. रामजीचा राम्या करावा आणि धोंडीबाचा धोंड्या करावा, तसें! ही रीत आपल्या ओळखीची आहे. ज्याच्या हातीं लेखणी नाहीं, त्याचें नांव दुसरा लिहितो. आणि दुसरा लिहितो तें असें लिहितो. एका सबंध लोकांचें एवढेंच उरलें. लढाई ते कोठें हरले, कोठें जिंकले, तें राहूं द्या. पण दप्तरांत ते साफ हरले.

आतां शेवटची ढलपी. हिच्या एका बाजूस गव्हाचा हिशेब आहे. हिशेब शिपायाचा दिसत नाहीं. धान्य पुरविणाऱ्या व्यापाऱ्याचा दिसतो. पिपांतल्या गव्हांतून कोणास किती मापून दिले, तें एकाखालीं एक मांडलें आहे. बैलांपाशीं असलेल्या बापास इतके. रानांतल्या गुराख्यांस इतके. डुकरांवर असलेल्या लुक्कोस इतके. देवळापाशीं असलेल्या अमाबिलिसला इतके. शेवटीं एकूण गहूं ३२०॥ मापें. एक माप म्हणजे सुमारें पावणेनऊ लिटर. पाहा, डुकरें राखणाऱ्या लुक्कोचें नांव आज आम्ही घेतों आहों, आणि त्या काळच्या कितीएक मोठमोठ्या सरदारांचें नांव घेणारा कोणी नाहीं! कां? तर एकानें प्रामाणिकपणें हिशेब लिहिला.

आणि त्याच ढलपीच्या पाठीवर, त्याच हातानें, एका अर्जाचा कच्चा खर्डा आहे. या माणसास छड्यांनीं रक्त निघेपर्यंत मारलें होतें. तंटा मालावरून झाला होता. तो म्हणतो, मी परमुलखांतून आलेला निरपराध माणूस आहें. किल्लेदाराकडे दाद मागावयास गेलों तों तो आजारी. मग इतर अधिकाऱ्यांकडे आणि जमादारांकडे गेलों. उपयोग झाला नाहीं. म्हणून आतां तो थेट सर्वांत वरच्यास हात जोडतो. हाड्रियन बादशहा इ.स. १२२ मध्यें ब्रिटनमध्यें आला होता. त्यालाच हा अर्ज असावा, असें विद्वान मानतात.

मंडळी, या एका ढलपीवर आम्हीं किती वेळ विचार केला असेल, तें सांगवत नाहीं. एका बाजूला चोख हिशेब, दुसऱ्या बाजूला पाठीवरचे वळ. अर्ज करणारा मुद्दाम म्हणतो, मी परमुलखांतला आहें. याचा उलट अर्थ काय? तेथल्याच मुलखांतला असता तर मार खाणें कांहीं विशेष झालें नसतें, असाच ना? तरी पण या माणसापाशीं एक हत्यार होतें. ठाण्यांत कोणी ऐकलें नाहीं, तर त्यानें आपली ढलपी उलटी केली आणि लिहावयास बसला. मारणाऱ्याचें नांव आज नाहीं. मार खाणाऱ्याचें गाऱ्हाणें आहे, आणि आज या वाचनालयांत बसून आपण तें ऐकतों आहों. त्याच मुलखांतील दुसऱ्या कितीजणांस अशाच छड्या बसल्या असतील, त्यांचें गाऱ्हाणें कोठें आहे?

आमच्या आजोबांचें कोठें आहे? आजोबांनीं अडचणींत एका सावकाराच्या कागदावर अंगठा उठविला. तोंडीं बोलणें झालें तीन वर्षांच्या गहाणाचें. कागदांत निघालें खरेदीखत. ओढ्याकाठचें शेत गेलें. आजोबा मरेपर्यंत एकच वाक्य बोलत: "मी काय बोललों तें साऱ्या गांवाला ठाऊक आहे." खरें होतें. गांवाला ठाऊक होतें, कागदाला ठाऊक नव्हतें! कचेरींत गांवाला कोणी विचारीत नाहीं; कागदाला विचारतात. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून लेखणीपुढें अक्षरशून्य शेतकरी कसा नागवला जातो तें मांडलें, तें आम्हांस पुस्तक वाचण्याआधीं घरींच कळलें होतें.

कोणी म्हणेल, मास्तर, ते दिवस गेले. कुलकर्णी वतनें गेलीं, तलाठी आले, आतां सातबाऱ्याचा उतारा संगणकावर निघतो. गेले हें खरें, आणि बरें झालें. पण आमचा अनुभव सांगतों. आमच्याकडे उतारा घेऊन लोक येतात आणि विचारतात, "मास्तर, यांत आपलें काय लिहिलंय?" आपल्या शेताच्या कागदांत आपलें काय लिहिलें आहे, तें दुसऱ्यास विचारावें लागतें, तोंवर दिवस गेले असें कसें म्हणावें? मुलगी पांचवींत गेली कीं, "पुरे झालें, सही करतां येते ना?" असें म्हणणारा बाप अजून आम्हांस भेटतो. सही करतां येणें आणि लिहितां येणें यांत अंगठ्याएवढेंच अंतर आहे! न वाचतां केलेली सही म्हणजे शाईचा अंगठाच.

म्हणून मागणें तीन. प्रत्येक घरीं एक वही असावी आणि घरचा, शेताचा जमाखर्च तींत रोज लिहावा. मुलानें लिहावा तसाच मुलीनेंहि लिहावा. दुसरें, कोणत्याहि कागदावर तो स्वतः वाचल्याशिवाय, अगर विश्वासाच्या दोघांनीं निरनिराळा वाचून दाखविल्याशिवाय, सही करूं नये. तिसरें मागणें वाचनालयाच्या चालकांस. येथें एक गांवची वही ठेवा. कोणत्या सालीं पाऊस कसा झाला, कोणती विहीर आटली, मजुरीचा दर काय होता, ज्वारी कोणत्या भावानें गेली, सांथ केव्हां आली, म्हाताऱ्या माणसांना काय आठवतें, तें त्यांत लिहूं. पाटलाचें लिहूं, आणि डुकरें राखणाऱ्याचेंहि लिहूं. गांवांतल्यांचें लिहूं, आणि गांवाबाहेरच्या वस्तीचेंहि लिहूं. नाहीं तर आपणहि आपल्याच कांहीं माणसांचे रोमन व्हावयाचे!

आतां त्या हजेरीपटाकडे परत येतों आणि आमचा स्वतःचा गुन्हा कबूल करतों. दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास आमच्या शाळेंतील कांहीं मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात आणि कांहीं मुलें त्यांच्याबरोबर जातात. आम्ही काय करतों? नांवापुढें गैरहजेरीची खूण करतों. दुसऱ्या दिवशीं पुन्हा खूण. महिनाअखेर बेरीज करून मोकळे! पण त्या परक्या ठाण्यांतल्या, भाडोत्री म्हणावें अशा कारकुनानेंहि लिहिलें होतें, कीं ३३७ कोरियास आहेत, एक लंडनला आहे. तो विजयी फौजेचा नोकर. माणसें त्याला लढाईसाठीं हवीं होतीं. आम्हांस हीं मुलें कशासाठीं हवीं आहेत? हवीं असतील तर तीं कोठें आहेत तें आमच्या वहींत कां नाहीं?

ती ढलपी वाचल्यावर आम्हीं हजेरीपटाशेजारीं एक साधी वही घातली. गेलेल्या प्रत्येक मुलाचें नांव, कोणत्या कारखान्याच्या हद्दींत गेलें, बरोबर कोण आहे, पाटीपुस्तक नेलें काय, जवळ शाळा कोणती, आणि परत कधीं यावयाचें, असे खाने आंखले. पहिल्या दिवशीं लिहावयास बसलों तों निम्मे खाने रिकामे राहिले. इतकीं वर्षें त्या मुलांस शिकवितों आहों, आणि तीं जातात कोठें तें आम्हांस माहीत नव्हतें! मग वस्तीवर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांस विचारलें. एका आजीनें उंबऱ्यांत बसून सगळ्यांचे ठिकाण तोंडपाठ सांगितले. नातीचें नांव लिहून आम्ही वही मिटूं लागलों, तशी ती म्हणाली, "गुरुजी, तिनं पाटी नेलीया, तेवढं बी लिवा." आम्हीं लिहिलें.

ती वही आज बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांना एखाद्या मुलाचा ठिकाण ठाऊक असेल त्यांनीं टेबलापाशीं यावें. अजून चार खाने रिकामे आहेत.